काथ्या भरलेला अजिंक्य

मित्रांनो, मी एक जुना फुटबॉल आहे. तुम्ही म्हणाल, फुटबॉल काय सांगणार, त्याने जन्मभर लाथाच खाल्ल्या. खाल्ल्या, अगदी पोटभर खाल्ल्या. पण लाथांबद्दल माझी काही तक्रार नाही. लाथ समोरून येते, येताना दिसते आणि तिच्यात लपवाछपवी नसते. माझी तक्रार वेगळी आहे. ती ऐकून घ्यायला इथे कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

मी मालवणात राहतो, एका कॉलेजच्या ऑफिसात, काचेच्या कपाटात. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाने 'अजिंक्य १९६३-६४' असं लिहिलेलं आहे. येणारे-जाणारे ते वाचतात, "वा!" म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. माझ्या पोटात हवा आहे अशी त्यांची समजूत असते. माझ्या पोटात काथ्या आहे. नारळाची सोडणं कुजवून, कुटून काढतात तो खरखरीत काथ्या. तो तिथे कसा गेला, तीच माझी गोष्ट.

माझा जन्म जालंधरचा. एका बोळातल्या कारखान्यात चामड्याचे अठरा तुकडे मेण लावलेल्या दोऱ्याने शिवून मला आकार दिला. शिवणारा म्हातारा फाळणीत सियालकोटहून आलेला होता आणि शिवताना सारखा खोकायचा. माझ्या एका शिवणीत टाके जरा वाकडे पडले आहेत, ते त्याच्या खोकल्यामुळे. मग पोटात रबराचा ब्लॅडर घातला, तोंडाशी नाडी ओवली आणि मी रेल्वे, ट्रक असं करत कोल्हापूरच्या एका दुकानात येऊन पडलो. तिथून मला उचललं ते गुरुदास सरांनी.

गुरुदास सर आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. कॉलेज अगदी नवं होतं, एका जुन्या वखारीत वर्ग भरायचे, आणि सर स्वतःही हंगामी होते. शिकत असताना कोल्हापुरात ते थोडंफार फुटबॉल खेळले होते, म्हणून खेळाचं खातं त्यांच्या गळ्यात पडलं. घाट उतरताना मला वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेऊन ते एस.टी.त बसले होते. शेजारच्या म्हातारीने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मास्तरानू, कलिंगड खंयसून हाडलात?" सर इतके हसले की गाडीतली सगळी माणसं वळून बघायला लागली.

माझा त्या माणसावर फार जीव होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही त्यांना शिव्या घालाल आणि मला तरीही थोडं वाईट वाटेल. रोज संध्याकाळी खेळ संपला की ते मला मांडीवर घ्यायचे, नाडी सैल करायचे, वाळू पुसायचे आणि होड्यांना लावतात ते मुशी माशाचं तेल माझ्या अंगाला चोळायचे. त्या तेलाने खाऱ्या हवेतही माझं कातडं मऊ राहिलं. वास मात्र असा सुटायचा की समोरच्या संघातले लोक नाक धरायचे. आमचे पहिले दोन गोल त्या वासानेच केले, असं मुलं म्हणायची. तेल लावून झालं की सर दाभणाने नाडी ओढून घट्ट बसवायचे आणि माझ्यावर एक थाप मारायचे. ती थाप मिळाल्याशिवाय माझा दिवस संपायचा नाही.

आमचं मैदान बंदराच्या बाजूला होतं. अर्ध्यात गवत, अर्ध्यात वाळू. कडेला सुकत घातलेली मासळी असायची, आणि तिच्यावर गेलेला चेंडू परत आणणाऱ्या मुलाला बायांच्या शिव्या खाव्या लागायच्या. कप्तान होता जयराम, बाजारातल्या कापडवाल्याचा मुलगा. तो पायात वीज असल्यासारखा पळायचा आणि जिभेनेही तेवढाच तिखट होता. पण माझा खरा माणूस हरिश्चंद्र. तो गोलकीपर होता, धामापूरचा, शेतकऱ्याच्या घरातला. चेंडू कसा झेलायचा हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. गावाकडे पावसाआधी घरं परततात, म्हणजे छपराची कौलं काढून नव्याने बसवतात, तेव्हा खालून फेकलेले नळे छपरावर बसून झेलायचे असतात. एक नळा सुटला तर फुटतो आणि आई ओरडते. त्या कामात हरिश्चंद्र तयार झाला होता. इतरांना मी चेंडू होतो. त्याच्या हातात मी फुटण्यासारखा जिन्नस होतो. दोन्ही तळव्यांत घेऊन तो मला छातीशी असा धरायचा की लागलेल्या सगळ्या लाथा विसरून जाव्यात.

त्या साली दिवाळीनंतर सामने सुरू झाले. आजूबाजूची कॉलेजं, क्लब, सगळ्यांनी मिळून एक स्पर्धा ठरवली होती. नियम एकच मोठा होता. सामना ज्याच्या गावात, चेंडू त्याचा. पाहुण्यांनी फक्त आपले पाय आणायचे. आमच्या कॉलेजकडे चेंडू एकच, तो म्हणजे मी.

सावंतवाडीला हरवलं तेव्हा लोक म्हणाले, लागला मटका. रत्नागिरीला हरवलं तेव्हा म्हणाले, पोरं बरी आहेत. बेळगावच्या धिप्पाड गड्यांना आमच्या वाळूत पळवून पळवून दमवलं आणि जयरामने शेवटच्या क्षणी गोल मारला, तेव्हा मात्र सगळं मालवण मैदानावर लोटलं. मासळीवाल्या बायांनी शिव्या द्यायचं बंद केलं. चेंडू सुकत घातलेल्या सुंगटांवर, म्हणजे कोलंबीवर पडला तर त्याच उचलून फेकायला लागल्या. एकामागून एक सामने होत गेले आणि आम्ही एकही हरलो नाही. गोल आमच्यावर क्वचितच झाले, कारण मध्ये हरिश्चंद्र उभा होता.

प्रत्येक सामन्याच्या आदल्या दिवशी हरिश्चंद्र मला पिशवीत घालून धामापूरला न्यायचा. तिथे तळ्याच्या काठी देवीचं देऊळ आहे. गावात कोणतंही काम काढायचं तर आधी देवीला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. पहिल्यांदा मला नेलं तेव्हा गुरवाने दारातच अडवलं.

"चामडा भायरच ठेव रे," तो म्हणाला. "देवळात चामडा चलणा नाय. तेच्या बदली आत नारळ ठेव, देवीक समाजता."

तेव्हापासून मी बाहेर पायरीवर बसायचो आणि माझ्या वतीने आत एक नारळ बसायचा. मला त्याचा राग नव्हता. ज्या घरचा जो रिवाज तो पाळावा. गुरव मोठ्याने गाऱ्हाणं घालायचा, ते मला बाहेरही ऐकू यायचं.

"बाये देवी म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान तुझ्याम्होरे नारळ ठेवलो आसा म्हाराजा! तो मालवणाक चेंडू अडवूक जाता, तेका यश दी म्हाराजा! आणि कोण आडो येयत तर तेका बाजूक कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असं हरिश्चंद्र इतक्या जोराने ओरडायचा की तळ्यावरचे बगळे उडायचे.

मग एकच सामना उरला. समोर कोल्हापूरचा संघ. तोही त्या साली एकदाही हरला नव्हता. त्यांच्या गावात फुटबॉल म्हणजे खाणंपिणं, आणि आमच्याकडे तो आत्ता कुठे आलेला. आम्ही जिंकूच असं कोणी छातीवर हात ठेवून म्हणत नव्हतं, पण खेळायला मात्र सगळे आतुर झाले होते.

सगळ्यांत आतुर हरिश्चंद्र होता, आणि त्याला तसंच कारण होतं. मिठबावचे शंकरराव नावाचे गृहस्थ मुंबईला एका गिरणीत होते आणि गिरणीच्या फुटबॉल संघाचं सगळं तेच बघायचे. ते जत्रेसाठी गावी आले होते. जयरामने त्यांना हरिश्चंद्राबद्दल सांगितलं. शंकरराव म्हणाले, आम्हाला गोलकीपर हवाच आहे, पण मी ऐकीव गोष्टींवर माणूस घेत नाही. रविवारी सामना बघतो, सोमवारी माझी आगबोट आहे. पोरगा मनात भरला तर त्याच बोटीने नेतो, गिरणीत चिकटवतो आणि खेळवतो. म्हणजे हरिश्चंद्राला मुंबईला जाऊन खेळायचं, तर तो रविवारचा एक सामनाच काय तो दरवाजा होता.

त्याची आई शेवंती या बाबतीत कडक होती. शनिवारी संध्याकाळी ती स्वतः देवळात आली.

"देवीन उजवो दिल्यान तर मी आड येवचंय नाय," ती म्हणाली. "पण डावो दिल्यान तर मुंबयचा नाव काढूचा नाय. कबूल?"

"कबूल, आये."

मी पायरीवर होतो. आत गुरवाचं गाऱ्हाणं झालं. मग इतकी शांतता झाली की तळ्यात मासा उसळलेला मला ऐकू आला. आणि मग गुरव ओरडला, "उजवो! उजवो पडलो!"

हरिश्चंद्र धावत बाहेर आला. त्याचं भान सुटलं होतं. त्याने मला उचललं आणि तसाच आत पळाला, थेट गाभाऱ्यापर्यंत. तिथल्या उंबऱ्याला त्याने माझं अंग टेकवलं, जसं एखादं लेकरू पायांवर घालतात तसं.

"अरे मेल्या!" गुरवाने किंचाळूनच विचारलं, "चामडा खंय हाडतस? भायर हो, आधी भायर हो!"

शेवंतीने स्वतःच्या गालावर मारून घेतलं आणि देवीपुढे पदर पसरला. हरिश्चंद्र जीभ चावत बाहेर आला. पण त्याचे डोळे हसत होते आणि घरी जाईपर्यंत त्याचं पाऊल जमिनीवर टेकत नव्हतं. मित्रांनो, देवीला मी एकदाच पाहिलं, तेही क्षणभर. ती रागावलेली दिसली नाही.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने आम्ही मालवणात आलो. दुपारी हरिश्चंद्राने मला ऑफिसात गुरुदास सरांच्या टेबलावर ठेवलं.

"सर, उजवो कौल!" तो म्हणाला. "आये जावक देता. आज मी एक पण गोल होवक देवचंय नाय."

"शाब्बास," सर म्हणाले. "जा, थोडं जेवून घे. चेंडूत हवा मी भरतो." त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तशी थाप मला रोज मिळायची, म्हणून मला ती ओळखीची वाटली.

हरिश्चंद्र गेला आणि थोड्याच वेळात भाई आले. भाई म्हणजे कॉलेजच्या कमिटीचे अध्यक्ष. काथ्याचे मोठे व्यापारी, गावात वजन असलेले. कॉलेज उभं राहिलं ते त्यांच्याच खटपटीने, हे खोटं नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि टेबलावर माझ्या शेजारी हात ठेवला.

"गुरुदास, रंगाऱ्यान बोर्ड करून दिल्यान," भाई म्हणाले. "एवढ्या मोठ्या अक्षरात, अजिंक्य! बुधवारी मंत्री कोनशिला बसवूक येतत, तेंच्या पाठसून लावतलंव."

"पण भाई, आजचा सामना व्हायचा आहे अजून."

"तांच म्हणतंय मी. कोल्हापूरवाले काय साधे नाय. आज हरलंव तर तो बोर्ड काय चुलीत घालूचो?"

"हरलो तर हरलो, भाई. मुलं वर्षभर राबली आहेत. आणि देवीने उजवा कौल दिला आहे म्हणे."

"देवी आमच्या कमिटीवर नाय, गुरुदास." भाई हसले. मग हळूच म्हणाले, "बुधवारी मंत्र्यांच्या समोर तुमची कायम नेमणूक जाहीर करूची, असा माझ्या मनात आसा. अजिंक्य टीमचे सर म्हणान. हरलेल्या टीमचे सर म्हणान काय जाहीर करू?"

भाई उठले. जाताना त्यांनी बोटाने मला दाबून पाहिलं.

"चेंडूच बसलो तर सामनो कोण खेळतलो?" असं जणू स्वतःशीच बोलून ते चपला घालून निघून गेले.

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. बाहेर मुलांचे आवाज येत होते, मैदानावर कोणीतरी चुन्याच्या रेघा मारत होतं. सरांनी मला मांडीवर घेतलं आणि खणातून दाभण काढला. मला काहीच वाटलं नाही. नाडी सैल करायची, हवा भरायची, पुन्हा घट्ट करायची, हे आमचं रोजचंच होतं. नाडी सैल झाली. सरांनी दाभण आत घातला. तो नाडीकडे गेला नाही. तो सरळ ब्लॅडरच्या मानेत शिरला आणि सरांनी तो ओढून फिरवला.

मला लाथेने कधी दुखलं नाही, ते त्या वेळी दुखलं. माझ्यातली हवा सुस्कारा टाकल्यासारखी निघून गेली. ज्या हाताने मला वर्षभर तेल लावलं, तोच हात माझ्या तोंडात होता. आणि सगळ्यांत वाईट काय सांगू? काम झाल्यावर त्यांनी नाडी नेहमीसारखी सफाईने ओढून बसवली. फक्त थाप मारली नाही.

चार वाजता मैदान माणसांनी फुललं होतं. शंकरराव पांढऱ्या टोपीत पुढेच बसले होते. शेवंती आयुष्यात पहिल्यांदा लेकाचा खेळ बघायला आली होती, ती माडाखाली बायांच्यात बसली. जयरामने मला मध्यावर आणून खाली टाकलं. मी उसळलो नाही. वाळूत ओली पोळी पडावी तसा पडून राहिलो.

सर पंप घेऊन धावत आले. ते जोरजोरात हवा भरू लागले, दांडा खालीवर करत राहिले, घामाघूम झाले. बघणाऱ्याला दया यावी असा त्यांचा चेहरा होता, आणि लोकांना आलीही. सायकलवाल्याला बोलावलं. त्याने ब्लॅडर बाहेर काढला, पाहिला आणि मान हलवली. मानेतच फाटला होता, तिथे ठिगळ बसत नाही. दुसरा फुटबॉल मालवणात कोणाकडेच नव्हता. कोल्हापूरच्या मुलांनी नियमाप्रमाणे चेंडू आणला नव्हता. त्यांचा कप्तान भला होता, तो म्हणाला, व्हॉलीबॉल असेल तर द्या, आम्ही त्याच्यावर खेळतो, एवढा घाट उतरून आलोय. पण पंचांनी नियमाचं पुस्तक काढलं आणि ते मिटायला तयार होईनात. कोल्हापूरवाल्यांना त्याच संध्याकाळी परतायचं होतं. सामना रद्द झाला.

हरिश्चंद्र पंचांच्या पुढे हात जोडून उभा राहिला. "दहा मिनटां खेळूया," तो म्हणत होता. "पाच तरी खेळूया. माका नुसते चार गोल अडवूक देवा."

पंचांनी मान फिरवली. मग जयराम त्याच्यावर उसळला. "चेंडू तुझ्याकडे होतो ना? काय केलंस तेका? खंय आपटलंस?"

"खंय नाय रे. देवळात नेलंय, घराक नेलंय, सकाळी हाडलंय." आणि मग त्या भाबड्याने सगळंच सांगून टाकलं, खोटं त्याला येतच नव्हतं. "नुसतो देवीच्या उंबऱ्याक लावलंय."

भाई पुढे झाले. "उंबऱ्याक? गाभाऱ्याच्या? चामडा?"

पुढे उभे असलेले लोक हरिश्चंद्रापासून दोन पावलं मागे सरकले. तुम्ही शहरातली मुलं असाल तर तुम्हाला हे कळायचं नाही, पण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते कळलं.

"मगे आणि काय होतला?" भाई खेदाने म्हणाले. "देवीचो कोप झालो. चेंडवाचो जीवच काढून घेतल्यान."

शेवंती माडाखालून उठून पुढे आली. पदर सावरत तिने विचारलं, "देवीन उजवो कौल दिल्यान, भाईनू. देवी खोटा बोलणा नाय. मगे ह्यां झाला कसा?"

"गो बाये, कौल आधी दिल्यान," भाई म्हणाले. "चामडा तेना मागसून नेल्यान."

शेवंतीच्या प्रश्नाचं खरं उत्तर एकाच माणसापाशी होतं आणि तो पंपाची नळी गुंडाळत होता. मी त्यांच्याकडे बघत होतो. मला वाटत होतं, आता बोलतील. इतिहास शिकवणारा माणूस, देवीचा कोप वगैरे तो स्वतः मानतसुद्धा नाही. नेमणूक हवी होती तर घ्या, चेंडू फोडला तर फोडला, पण या पोराच्या कपाळी हे चिकटू देऊ नका. सर, एक शब्द बोला. सरांनी नळी गुंडाळली, पिशवीत घातली आणि ते चालू लागले.

हरिश्चंद्र आपल्या तळहातांकडे बघत राहिला. त्याला भाईंचं पटलं होतं, मित्रांनो. तेच मला सहन होत नाही. दुसऱ्याने केलेला आरोप माणूस झटकून टाकतो, पण त्याने तो खरा मानला.

सोमवारी शंकररावांची आगबोट सुटली. ते जयरामला एवढंच म्हणाले, "ज्याच्यावर देव रुसला त्याला मी कसा नेऊ? पोरं बिथरतील माझी." जयराम पुढे हरिश्चंद्राशी बोलेनासा झाला. रस्त्यात दिसला तर बाजू बदलायचा. बुधवारी मंत्री आले, बोर्ड लागला, टाळ्या झाल्या आणि गुरुदास सर कायम झाले.

माझ्यात नवा ब्लॅडर घालायला हवा होता. घाटावर सहज मिळतो. पण भाई म्हणाले, आता ह्याला खेळवायचं नाही, ही कॉलेजची शान आहे. त्यांच्या वखारीतून काथ्या आला. तो माझ्या पोटात काठीने कोंबला, वर अक्षरं रंगवली आणि मला कपाटात बसवलं. तेव्हापासून दर साली स्नेहसंमेलनात भाषण होतं की आपला संघ एकही सामना हरला नाही. हे खरं आहे. आम्हाला हरू दिलंच नाही. कोल्हापूरने कदाचित आम्हाला धुऊन काढलं असतं. मी इतरांच्या जाळीत पडायचो तसाच आमच्याही जाळीत पडलो असतो, आणि संध्याकाळी माझ्या अंगाला तेल लागलं असतं. हरण्याने चेंडू मरत नाही.

गेल्या साली, जूनमध्ये, कॉलेजात नावं घालायची गर्दी होती. ऑफिसात एक माणूस आला. सोबत दोन वेण्या घातलेली मुलगी होती. तो दारात चपला काढून आत आला आणि मी त्याला ओळखलं. हरिश्चंद्रच तो. रापला होता, खांदे शेतकऱ्याचे झाले होते. बहीण आनंदी हिला कॉलेजात घालायला तो आला होता. टेबलापाशी गुरुदास सरच होते. ते आता उपप्राचार्य झाले आहेत, चष्मा लागला आहे.

सर कागदात बघत असताना हरिश्चंद्र माझ्या कपाटापाशी आला. त्याने काचेवर हात ठेवला, मग दोन्ही हात जोडले.

"माका माफ कर रे," तो हळू आवाजात मला म्हणाला. "तुका आत नेवक नको होतो मी. दरसाल त्या दिवशी देवीक नारळ देतंय. तिना माफ केल्यान काय नाय, तां काय समाजणा नाय."

त्याचा आवाज हळू होता, पण ऑफिस लहान आहे. गुरुदास सरांची लेखणी थांबली. त्यांनी मान वर केली, चष्मा काढला.

"हरिश्चंद्रा," ते म्हणाले.

"काय, सर?"

मी काथ्याने भरलेला आहे, तरी त्या क्षणी माझ्यात हवा भरल्यासारखं झालं. सरांचे ओठ हलले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग दाराबाहेर उभ्या असलेल्या रांगेकडे.

"बहिणीची काळजी करू नकोस," ते म्हणाले. "मी आहे इथे."

हरिश्चंद्राने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. सरांनी पाय मागे घेतले नाहीत.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तूने विनवणी करायची असते. तीही करतो. तुमच्याकडे चेंडू असेल तर त्याला पुसा, तेल लावा, आणि त्याच्याशी खेळा. हरलात तर हरा. त्याला कपाटात ठेवू नका आणि त्याच्या पोटात काथ्या भरू देऊ नका. पण खरं सांगायचं तर हे सगळं मी रीत म्हणून सांगतो आहे. माझी स्वतःची विनवणी एकच आहे. तुम्हाला पाय आहेत, तोंड आहे. कधी धामापूरला गेलात तर तळ्याच्या बाजूला हरिश्चंद्राचं घर विचारा, कोणीही दाखवील. त्याला सांगा की चेंडू देवीने फोडला नव्हता. कोणी फोडला ते सांगितलं नाहीत तरी चालेल. त्याला एवढंच सांगा, की या सालचा नारळ त्याने घरीच फोडावा आणि आईबरोबर, आनंदीबरोबर बसून खावा.